बेवारशी पान

पान त्याने उचललं, उलटं केलं, खिडकीकडे धरून उजेडात पाहिलं, आणि ओळखलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्याने ते पुन्हा एकदा अगदी नाकाशी नेलं. तिला वाटलं, आता. आता याचे हात थांबतील, मान वळेल आणि एवढ्या माणसांतून तो आपल्याकडे बघेल. त्याने मान वळवली खरी, पण ती पंख्याकडे. "जरा तो पंखा बंद करा हो कुणीतरी, पान हलतंय," असं म्हणून तो परत पानात शिरला. ती दुसऱ्या रांगेत भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. राग नंतर आला. आधी नुसतं नवल वाटलं, की आपल्या ज्या नवऱ्याला दुसऱ्यांच्या कुंड्यांतली मातीसुद्धा बोटाला लावून ओळखता येते, त्याला आपल्या जिन्यातल्या खिडकीतलं पान ओळखू येऊ नये! त्या खिडकीवरून तो रोज खाली उतरतो, रोज वर चढतो. सकाळी फिरायला जाताना त्याच कट्ट्यावर हात टेकून बुटांच्या नाड्या बांधतो.

बागमंडळाची सभा महिन्यातल्या एका रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायची. भिंतीला लांबलचक टेबल होतं, एरवी त्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे असत. सभेच्या दिवशी ते आजारी पानांचं टेबल व्हायचं. ज्याच्या घरी झाड कुरकुरत असेल त्याने एखादं पान, एखादी डहाळी कागदात गुंडाळून आणायची आणि येता येता गुपचूप टेबलावर ठेवायची. कागदावर नाव लिहायचं नाही. हा नियम मोठ्या बाईंचा. त्या कधीकाळी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि मंडळही शाळेसारखंच चालवायच्या, फक्त छडी तेवढी नव्हती. पूर्वी म्हणे पान कुणाचं ते आधी कळायचं, आणि मग माणसं झाडाचा रोग सोडून मालकाचेच रोग काढत बसायची. एकदा दोन शेजाऱ्यांचं गुलाबावरून असं वाजलं की दोघांनीही मंडळ सोडलं. तेव्हापासून आधी पान, मग रोग, आणि सगळ्यात शेवटी मोठ्या बाई विचारायच्या, "मालक कोण?" मालकाने उभं राहायचं, दोन टोमणे खायचे आणि उपाय घेऊन खाली बसायचं. एखाद्याला फारच लाज वाटली तर तो उठत नसे. मग ते पान बेवारशी म्हणून टेबलाखालच्या टोपलीत जायचं. तिला ही पद्धत आवडायची. सगळी नोकरी तिने रक्त तपासण्यात घालवली होती. काचेच्या नळ्या, नळ्यांवर आकडे, आणि आकड्यामागचा माणूस म्हातारा की तरणा, चांगला की वाईट, काही माहीत नाही. नाव नसलं की नजर साफ राहते, असं तिला त्या खोलीत वाटायचं. आज पहिल्यांदाच वाटलं की नाव नसलं की काहीच राहत नाही.

तिने खडा टाकून पाहिला होता. ही गोष्ट तिने स्वतःपासूनही लपवली नव्हती. ताईचा फोन आला त्याला आता बरेच दिवस झाले होते. ताई दुसऱ्या गावी एकटीच राहायची. मेहुणे गेल्यापासून घर अंगावर येतं म्हणायची. तिच्या खालच्या मजल्यावर एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता आणि त्यांना रक्त तपासायला अनुभवी बाई हवी होती. "तू ये," ताई म्हणाली होती, "चार दिवस पाहुणी म्हणून नव्हे. राहायला ये. मला माणूस होईल आणि तुझ्या हाताला काम. तिथे काय करतेस तू? त्याच्या कुंड्यांना पाणी घालतेस." ताईचं बोलणं नेहमीच असं, सरळ आणि टोचणारं. तिने विचार करते म्हणून सांगितलं. "कर, पण महिना संपेपर्यंत कर. डॉक्टरीणबाई थांबायच्या नाहीत." घर सोडून जायचं, या वयात, भांडण नाही, तंटा नाही, मुलगी आपल्या संसारात सुखी, नवऱ्याला व्यसन नाही. लोक विचारतील, काय झालं? काही झालं नाही, हेच झालं होतं. मग परवा जिना झाडताना तिने त्या झाडाकडे पाहिलं, आणि कात्री आणून एक पान तोडलं. त्याने ओळखलं तर राहायचं. इतकं साधं. एवढी मोठी गोष्ट एका पानावर टांगणं पोरकटपणाचं आहे हे तिलाही कळत होतं. पण मोठ्या माणसांसारखं वागून इतकी वर्षं काय हाती लागलं होतं?

झाड बेगोनियाचं होतं. लांबट पान, वरून हिरव्यावर पांढरे ठिपके शिंपडल्यासारखे, खालून गर्द लाल. ते घरात आलं तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एक खोली, एक खिडकी, खिडकीखाली लोहाराचं दुकान. तो तेव्हा पाणीपुरवठा खात्यात नवा होता, गावोगाव टाक्या बघत हिंडायचा. एकदा कुठल्याशा विश्रामगृहाच्या व्हरांड्यातून त्याने ही फांदी चोरून आणली. ओल्या हातरुमालात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात ठेवून. डबा उघडून दाखवताना त्याचे कान लाल झाले होते. "ठिपके बघ," म्हणाला, "तुझ्या त्या साडीसारखे." त्याला झाडातलं ओ की ठो कळत नव्हतं. फांदी पानांसकट गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून ठेवली आणि रोज वाकून बघत बसला. कुजायला लागली तेव्हा इतका हिरमुसला की तिला हसू आलं. मग तिनेच खालचा कुजका भाग कापला, पानं काढून टाकली आणि उरलेला बोटभर तुकडा वाळूत खोचला. तिच्या आईकडून शिकलेली विद्या. "पानं कशाला काढलीस?" त्याने अगदी कळवळून विचारलं होतं. "मुळं नाहीत त्याला अजून. पानांचं ओझं कोण उचलणार?" नवीन पालवी फुटली त्या सकाळी तो कामावर उशिरा गेला. नुसता बघत राहिला होता, एकदा पालवीकडे, एकदा तिच्याकडे. ती नजर तिने पुढे फार वर्षं पुरवून पुरवून वापरली. पुरली, असंच म्हणायला हवं. आता ती संपली होती एवढंच.

"हं," टेबलाजवळून तो म्हणाला. त्याने 'हं' म्हटलं की सगळे सावरून बसायचे. मंडळात त्याला वैद्यबुवा म्हणत. निवृत्तीनंतर तो जो झाडांच्या मागे लागला तो लागलाच. सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी भिंग आलं. घरी फोन यायचे, पानं मुरडलीत, मोगरा रुसलाय, कळ्या गळतात, आणि तो ताटावरून उठून बोलायचा. कुणी बोलावलं की खुरपं पिशवीत टाकून निघायचा. एका पैचा लोभ नाही. लोक तिला म्हणायचे, तुमचं काय बाई, घरातच वैद्य! ती हसायची. तिचं हसू त्या वाक्यासाठी तयारच असायचं, दारामागे टांगलेल्या छत्रीसारखं.

"बेगोनिया," तो म्हणाला. "आणि मंडळी, याच्याशी माझं नातं आहे बरं का. इथल्या निम्म्या घरांत हे झाड माझ्याकडून गेलंय. माझ्या घरी याचं मूळ झाड आहे. या सगळ्यांची आई म्हणा ना! इतकी वर्षं झाली, पण तिला कधी म्हणून काही झालेलं नाही."

कुणीतरी "वा!" म्हणालं. तिने पर्सचा पट्टा घट्ट धरला. तो पानाच्या कडांवरून अंगठा फिरवत होता. कडा करपून कागदासारख्या झाल्या होत्या. किती हळू फिरवत होता! त्या अंगठ्याकडे बघवेना.

"आता बघा. कीड नाही, बुरशी नाही. पान लहान राहिलंय, रंग उतरलाय, कडा जळल्यात. म्हणजे काय? कुंडी वर्षानुवर्षं बदललेली नाही. आत मुळांचा नुसता गुंता झाला असणार, माती उरलेलीच नाही. नळाच्या पाण्यातले क्षार तेवढे साठत गेलेत. आणि गंमत सांगू? पाणी मिळतंय. वेळच्या वेळी मिळतंय, देठ बघा ना, ताठ आहे. म्हणजे घरात कुणीतरी रोज पाणी घालतंय. पण नुसतं घालतंय. बघत नाही." त्याने पान टेबलावर ठेवलं आणि हात झटकले. "मी तर याला खूनच म्हणेन. अहो, झाड एका दिवसात असं होत नाही. महिनोन् महिने ते सांगत असतं. त्या घरात माणसं राहतात की भुतं?"

लोक हसले. तीही हसली, कारण शेजारची बाई तिच्याकडे बघून हसत होती. पण तिच्या कानशिलांत ऊन चढल्यासारखं झालं. पाणी ती घालत होती. आणि बघत नव्हती हे मात्र खोटं. ती बघत होती, डोळ्यांत तेल घालून बघत होती. पहिल्यांदा खालची पानं गळली तेव्हाच तिने ओळखलं होतं की कुंडी बदलायला हवी. हातही गेला होता कुंडीला. मग मनात आलं, राहू दे. याला दिसेलच की. याला नाही दिसणार तर कुणाला? आणि ती थांबली. नवीन पानं लहान यायला लागली, ती थांबली. कडा करपल्या, तरी थांबली. रोज सकाळी पाणी घालताना झाडाची क्षमा मागावी तसं काहीतरी मनात पुटपुटायची आणि झारी उचलून निघून जायची. एक जिवंत वस्तू तिने अशी वाळवत ठेवली होती, कुणाला तरी दिसावी म्हणून. खून, तो म्हणाला, ते काही फार चुकीचं नव्हतं. फक्त खुनी एक नव्हता.

सांगायचं होतंस, असं ताईसुद्धा म्हणाली असती. अगं, पुरुषांना सांगावं लागतं. सांगितलं असतं तर त्याने केलं असतं, यात शंका नाही. सांगितलेलं सगळं तो करायचा. दिवा बदल म्हटलं की बदलायचा, वाढदिवस आहे म्हटलं की मिठाई आणायचा, माझं डोकं दुखतंय म्हटलं की गोळी आणि पाणी घेऊन उभा. तक्रारीला जागाच ठेवायचा नाही. पण इतकी वर्षं स्वतःच्या दुखण्याची दवंडी स्वतःच पिटायची, मग ती ऐकून तो येणार, मग आपण बरं वाटलं म्हणायचं. तिला त्याचा कंटाळा आला होता. कंटाळा हा शब्दही तोकडा पडतो. तिला एकदा, मरायच्या आधी एकदा, न सांगता दिसायचं होतं.

"मालक कोण?" मोठ्या बाईंनी विचारलं.

खोलीत कुणी हललं नाही. तिचे पाय जमिनीवर घट्ट टेकलेले होते. उठायचं, एवढंच. उठायचं आणि म्हणायचं, आमचं. मग काय होईल ते तिला चित्रासारखं दिसत होतं. आधी सगळे थक्क होतील, मग हसण्याचा फवारा उडेल, वैद्यबुवांच्याच घरी! आणि तो? तो सगळ्यांत मोठ्याने हसेल. कपाळावर हात मारून घेईल. गोष्ट करून सांगेल ती पुढच्या प्रत्येक सभेत. घरी येऊन लगेच कुंडी बदलेल आणि विषय संपेल. तिची एवढी मोठी गोष्ट, आणि तिचा विनोद होईल. ती बसूनच राहिली.

"लाजले वाटतं मालक," तो म्हणाला.

"माझं आहे हो." मागच्या रांगेतून शिवणवाल्या उठल्या. बाजारातल्या पेठेत त्यांचं शिवणाचं दुकान होतं. मोठ्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या, गळ्यात कायम मोजपट्टी. आता मात्र आवाज बारीक झाला होता. "माझंच दिसतंय. मी बेगोनियाचंच पान आणलंय. काल तोडलं तेव्हा एवढं वाईट नव्हतं, पण पिशवीत गरम झालं असेल. सध्या कामाचा असा ढीग पडलाय ना, बघायला होतच नाही. चुकलंच माझं."

तिने टेबलाकडे पाहिलं. उरलेल्या पुड्यांमध्ये गुलाबी कागदाची एक पुडी होती, कपड्याचे नमुने कापतात तसल्या पातळ कागदाची. न उघडलेली. शिवणवाल्यांचं पान त्यात होतं, हे तिला दिसत होतं. आणखी कुणाला दिसत नव्हतं. गुन्हा आपला नाही आणि कबुली देऊन बसली बिचारी! कुठल्या बाईला आपल्या घरातलं झाड आपल्यामुळे वाळलं असं ऐकलं की लगेच पटत नाही? पण तोवर तो टेबलामागून पुढे आला होता, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. "अहो, तुम्ही होय! मी आपलं काहीतरी बोलून गेलो. मनावर घेऊ नका. झाड वाचेल. असं करतो, उद्या मीच येतो. कुंडी आणतो, माती आणतो, तासाभरात करून देतो. तुम्ही फक्त चहा करा." शिवणवाल्यांचे डोळे भरून आले. दिवसभर दुसऱ्यांच्या मापाचं कापणाऱ्या बाईला आपल्यासाठी कुणी येतंय याचंच अप्रूप. तिला शिवणवाल्यांचा राग आला नाही. हेवा वाटला. इतका झोंबणारा, की ती खाली मान घालून पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिली.

पान टेबलावरून उचलून मोठ्या बाईंनी बाजूला ठेवलं, आणि वेळ संपली म्हणून उरलेल्या पुड्या पुढच्या सभेला, असं सांगून 'काय दिसलं?' सुरू केलं. सभेचा हा दुसरा भाग. प्रत्येकाने आपापल्या अंगणात, गच्चीत, वाटेवर कुठला जीव पाहिला ते सांगायचं. एकाने बेडूक सांगितला, तो गेल्या वेळचाच होता. एकीने फुलपाखरू सांगितलं आणि त्याचा रंग दोनदा बदलला. मग त्याची पाळी आली. त्याने होल्यांची जोडी सांगितली. त्यांच्या स्वयंपाकघराच्या गॅलरीत, पाण्याच्या नळाच्या वर, होल्यांनी घरटं केलं होतं. "घरटं कसलं, चार काड्या! फुंकर मारली तर पडेल. नर एकेक काडी आणून द्यायचा आणि मादी ती लावायची; आता अंडी फुटायला आलीत. आणि मंडळी, मी रोज सकाळी स्टूल टाकून बसतो. हलत नाही. आता ती मला घाबरत नाही. तिच्या डाव्या पायाचं एक बोट नाहीये. कुठेतरी दोऱ्यात अडकून तुटलं असेल बिचारीचं. बसताना ती भार उजवीकडे टाकते, इतकं बारीक, की लक्ष देऊन पाहिलं तरच कळतं. आणि परवापासून ती जरा गप्प आहे. घुमत नाही. काहीतरी बिनसलंय तिचं. माझं कशात मन लागत नाही."

खोलीत सगळे भारावून ऐकत होते. तीही ऐकत होती. ज्या स्टुलावर तो बसतो त्याच्या मागे हातभर अंतरावर ती सकाळचा चहा करते. स्टूल हलू नये, आवाज होऊ नये म्हणून ती भांडी दबकत ठेवते. तो जे सांगत होता ते खरं होतं आणि सुंदर सांगत होता. म्हणजे त्याला दिसतं. इतके दिवस तिने स्वतःची समजूत घातली होती की स्वभावच तसा, नजरच तशी, वेंधळा आहे, पुरुष आहे, वय झालं. ती समजूत घालायची सोय त्याने आज भर सभेत काढून घेतली. त्याला दिसतं. पाखराच्या पायाचं गेलेलं बोट दिसतं, एका बाजूला टाकलेला भार दिसतो, गप्प झालेला गळा ऐकू येतो. नजर चांगली शाबूत आहे. ती आपल्यावर पडत नाही, एवढंच.

चहाच्या वेळी शिवणवाल्या तिच्याजवळ आल्या, नाक पुसत. "भाग्यवान हो तुम्ही," म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष कपाकडे गेलं. "अगबाई, हे बोटाला काय झालं?"

"काच लागली. बरणी पुसताना."

"खोल दिसतंय. टाके घातले?"

तो जवळच बिस्कीट बुडवत उभा होता. वळला. "कुणाला टाके?"

"यांना हो. बघा ना केवढी पट्टी!"

त्याने पट्टीकडे पाहिलं. खरोखर काळजीनेच पाहिलं. "कधी लागलं गं?"

"झाले बरेच दिवस."

"मग बोलली नाहीस ती?" त्याचा चेहरा उतरला होता, आपल्यावर अन्याय झाल्यासारखा. "बघा, ही अशी. काही सांगायचीच नाही!" शिवणवाल्या मान डोलावून तिच्याकडे रागावल्यासारखं बघू लागल्या. तिने चहा संपवला. कप विसळून पालथा घातला. टेबलापाशी कुणी नव्हतं तेव्हा आपलं पान उचलून पर्समध्ये टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नवी कुंडी, मातीची पिशवी, खुरपं असा सगळा सरंजाम घेऊन निघाला. जिन्यातल्या खिडकीपाशी कुंडी कट्ट्यावर टेकवून त्याने नाड्या बांधल्या. नवी कुंडी आणि जुनी कुंडी शेजारी शेजारी होत्या. वरच्या पायरीवरून ती बघत होती. झाडाचं एक वाळकं पान त्याच्या बाहीला लागून खाली पडलं. त्याने बाही झटकली आणि "येतो गं," म्हणून उतरून गेला. परत आला तो कोड्यात पडलेला. "अगं, शिवणवाल्यांच्या झाडाला काही म्हणजे काही नाही! एका पानाला उन्हाची झळ लागलीय, बस. ते पान त्यांचं नव्हतंच. मग कुणाचं?" खाताना तेच, हात धुताना तेच. "कुणीतरी गप्प बसलं. मूग गिळून बसलं. आणि इकडे झाड मरतंय! मला शोधायलाच हवं." आणि खरंच शोधायला लागला. ज्या ज्या घरी त्याने बेगोनिया दिला होता त्या त्या घरी जायचा. दातांच्या डॉक्टरांकडे गेला, मोठ्या बाईंकडे गेला, दूर टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका जुन्या कंडक्टरकडे बस बदलून गेला. घरी येऊन सांगायचा, तिथे ठणठणीत आहे, तिथे झाड कोमेजलं होतं पण वेगळ्या कारणाने. नवी कुंडी रोज पिशवीत घालून न्यायचा आणि रोज तशीच परत आणायचा. ती विचारायची, "सापडलं?" आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, घरं संपत आलीत. सगळ्यांची घरं संपली की एकच उरतं. आपोआपच येईल, चालत येईल, जिना चढेल आणि थांबेल. तिची आशा इतकी निर्लज्ज होती. ताईला ती रोज उद्यावर ढकलत राहिली.

मग ताईच चिडली. "डॉक्टरीणबाईंना आज सांगायचंय. दुपारी फोन करते. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण मला लटकवू नकोस." ती सकाळ तशीच गेली. गॅलरीतली पिल्लं उडून गेली होती, तरी तो स्टुलावर थोडा वेळ बसला. मग उठला, पिशवी भरली. तो कपडे बदलत होता तेवढ्यात ती जिन्यात गेली, बेगोनियाची कुंडी उचलली, आणि दाराबाहेर, त्याच्या बुटांसमोर, वाटेच्या बरोबर मधोमध आणून ठेवली. झाडावर आता फारसं काही उरलं नव्हतं. उघडी काडी, टोकाला थोडी पानं, ठिपके मात्र तसेच. न सांगण्याचा हट्ट तिने इथवर आणून सोडला. याच्यापुढे फक्त तोंडाने सांगणंच उरलं होतं. ती दाराआड उभी राहिली, आणि लग्न ठरताना छातीत धडधडलं नव्हतं तेवढं धडधडत होतं.

तो बाहेर आला. थांबला. वाकला. कुंडी दोन्ही हातांनी उचलली, कुठलीही कुंडी उचलायचा तशीच, खालून आधार देऊन. क्षणभर ती त्याच्या छातीशी होती.

"अगं, ही इथे मध्येच कुणी ठेवली? अडखळून पडलो असतो ना मी!" त्याने ती बाजूला भिंतीशी नीट ठेवली, हात पुसले, बूट घातले. "ऐकलंस का? पोस्टातल्या बाई राहिल्यात अजून. त्यांनाही दिलं होतं मी एक रोप. तिथेच असणार बघ, नक्की तिथेच. जेवायला थांबू नकोस." आणि नवी कुंडी काखेत मारून जिना उतरला. त्याची पावलं खालच्या दारापर्यंत ऐकू आली. उत्साहाची पावलं होती.

ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. तोंड कडू झालं होतं, गोळी जिभेवर विरघळल्यासारखं. मग फोन वाजला. ताईने नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. "बोल," म्हणाली.

"येते."

"नक्की ना? मग मागे फिरशील."

"नाही फिरणार."

"त्याला सांगितलंस?"

"नाही," ती म्हणाली. "त्याला पोस्टातल्या बाईंकडे जायचं होतं."

बॅग भरायला फारसा वेळ लागला नाही. शेवटी तिने कात्री घेतली. टोकाची बोटभर फांदी कापली, तिची सगळी पानं खुडून टाकली, आणि उघडी काडी ओल्या रुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवली. मुळं नाहीत तोवर पानांचं ओझं नको. पर्समधलं सभेतलं पान अजून तसंच होतं, वाळून कडक झालेलं. ते तिने आजच्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात नीट घडी करून गुंडाळलं आणि जेवणाच्या टेबलावर, त्याच्या ताटाच्या जागी, ठेवलं. पेन हाताशी होतं. पण कागदावर नाव लिहायचं नाही, असा मंडळाचा नियम होता. तिने दार ओढून घेतलं.